तिसरी सही

उमरगा जवळ आलं तेव्हा नऊ वाजून गेले होते. ह्यांनी एसीचं बटण दाबलं आणि डॅशबोर्डच्या जाळीतून चुलीसमोर बसल्यासारखी धग तोंडावर आली. बटण बंद करून पुन्हा दाबलं, पंखा एकवरून चारवर नेला. धगच आली, फक्त जास्त जोरात.

"गॅस गेलाय," हे म्हणाले आणि गाडी हळू केली.

मी म्हणाले, जाऊ द्या, काचा खाली करून जाऊ. मे महिना होता हे खरं, पण जगातल्या निम्म्या बायका काचा खाली करूनच फिरतात. हैदराबाद अजून दोनशे किलोमीटरवर होतं आणि दुपारी तीन वाजता मला तिथल्या विवाह नोंदणी कार्यालयात सही करायची होती. माझ्या मुलीच्या, गिरिजाच्या लग्नाची सही. ती नोकरीला हैदराबादेत होती. मुलगा तिथलाच, सॅम्युएल नावाचा, ख्रिश्चन. आम्ही लातूरचे लिंगायत. असलं लग्न आमचे जंगम लावत नाहीत, आणि चर्चमध्ये तिला करायचं नव्हतं, म्हणून रजिस्टर. त्याला तीन साक्षीदार लागतात. दोघं तिच्या ऑफिसातले होते. तिसरी मी.

"मला कन्यादान नको, आई," गिरिजा फोनवर म्हणाली होती. "मी काय दान द्यायची वस्तू आहे? मला तुझी सही पाहिजे. पूर्ण नावाची."

नगरपालिकेच्या दवाखान्यात मी एकोणतीस वर्षं रक्त तपासलं. दिवसाला शंभर रिपोर्टांखाली सही ठोकली, तीही अशी की माझी मलाच वाचता येऊ नये. पण ह्या एका सहीसाठी मी महिनाभर जुन्या वहीच्या मागच्या पानांवर पूर्ण नाव गिरवत बसले होते. पहिलीतल्या पोरीसारखी. हसायचं त्यांनी खुशाल हसावं.

पण हे काचा खाली करायला तयार होईनात. "मागच्या उन्हाळ्यात औशाच्या लग्नात चक्कर येऊन पडलीस, ते विसरलीस का? डॉक्टर काय म्हणाले होते? ह्या उन्हात तुला नेली आणि काही झालं, तर पोरीला काय तोंड दाखवू?"

खोटं नव्हतं ते. पडले होते, सलाइन लागलं होतं. माझ्या काळजीनं माणूस बोलतोय म्हटल्यावर बाईनं गप्प बसायचं असतं. मी गप्प बसले.

गाडीचंही सांगायला हवं. ह्यांचं ट्रकच्या बॉड्या बांधायचं गॅरेज होतं, पस्तीस वर्षं चाललेलं. ते बंद केल्यावर ह्यांनी एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली आणि दोन वर्षं खपून तिचं घर केलं. मागं झोपायला दोन फळ्या, शेगडी, बेसिन, कपड्यांचं कपाट. पुढं दोन खुर्च्या आणि डॅशबोर्डमधला एसी. गल्लीतली पोरं तिला घरगाडी म्हणायची. आमच्या संसारात गाडीचं ह्यांनी बघायचं आणि घराचं मी, असा कारभार होता. बॉनेटखाली काय चाललंय हे मी विचारलं नाही आणि डब्यात पीठ किती आहे हे ह्यांनी विचारलं नाही. घरगाडीत दोन्ही एका पत्र्याखाली आलं, तरी सवय तीच राहिली.

गिरिजानं सॅम्युएलचं सांगितल्यापासून हे दोन वर्षं तिच्याशी बोलले नव्हते. मठाच्या पंचांत बसणारा माणूस, समाजाच्या पोरांची लग्नं जुळवणारा. आणि मग महिन्यापूर्वी एका सकाळी, दाढी करता करता आरशातूनच म्हणाले, "आपण दोघं जाऊ. घरगाडीनं जाऊ." मला इतका आनंद झाला, की मी त्या दिवशी सणवार नसताना पुरण घातलं. आता आठवलं की स्वतःचाच राग येतो.

उमरग्यात हायवेलाच एक एसीवाला होता. पत्र्याची शेड, पुढं लिंबाचं झाड. चांदपाशा नाव त्याचं, चाळिशीचा, बोलायला मऊ. त्यानं बॉनेट उघडलं, निळा आणि लाल पाइप लावून मीटर बघितलं. काटा शून्यावर.

"पूर्ण रिकामा हाय, अप्पा," तो म्हणाला. "सरळ गॅस मारतो. अर्ध्या तासात मोकळे व्हाल. परत येताना निवांत बघू कुठं गळतंय ते."

"तसलं अर्धवट काम मला चालत नाही," हे म्हणाले. "आधी प्रेशर भरून तासभर ठेवायचं, साबणाचं पाणी लावून सगळे जोड बघायचे. गॅसचा फिल्टर नवा टाकायचा. मग तासभर व्हॅक्यूम, आतली सगळी हवा ओढून काढायची. मग मापून गॅस."

चांदपाशानं फिल्टर चांगला आहे म्हणून सांगून बघितलं. ह्यांनी ऐकलं नाही. सिस्टीम रिकामी झाली की आत दमट हवा शिरते, फिल्टर बदलावाच लागतो, नाहीतर कॉम्प्रेसर जातो, असं त्यालाच शिकवलं. तसला फिल्टर उमरग्यात नव्हता. सोलापूरला फोन झाला, तिथल्या दुकानदारानं एसटीत कंडक्टरच्या हाती द्यायचं कबूल केलं. बारा-साडेबारापर्यंत येईल म्हणाला.

मला तेव्हाही वाटलं ते एवढंच, की माणूस कामाचा पक्का आहे. चौतीस वर्षं ह्याच गोष्टीचा अभिमान बाळगला होता. गिरिजाला फोन लावला आणि सांगितलं, "एसीचा गॅस गेलाय, उशीर होईल, पण येतोय. अप्पा बघ कसे उन्हात उभे राहून काम करून घेतायत, माझ्यासाठी." पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. दोन वर्षांनी बाप आपल्यासाठी उन्हात उभा आहे म्हटल्यावर पोरगी रडणारच.

साहेब साडेचारपर्यंतच बसतात, असं तिनं सांगितलं. आणि चौथ्या दिवशी सॅम्युएलला कंपनीच्या कामासाठी मस्कतला जायचं होतं, वर्षभरासाठी. तारीख पुढं ढकलायची सोयच नव्हती.

साडेदहाच्या सुमाराला हे रस्त्यापलीकडं चहाला गेले. चांदपाशा साबणाच्या पाण्याचा ब्रश घेऊन जोड तपासत होता. मी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले. कुठून गळतंय सापडलं का, म्हणून विचारलं. तो ब्रश हातात धरून थांबला. एकदा चहाच्या टपरीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"बाई, तुम्ही इचारलाव म्हणून सांगतो. गॅस आपसूक गळाला की संगं तेल बी येतंय. त्या तेलावर धूळ बसती. हितं बघा, सगळे जोड कोरडे हायत. बुडबुडा बी न्हाई. तेल हाय ते फक्त गॅस भरायच्या तोंडापाशी, आन ते बी ताजं. गॅस गळाला न्हाई. पिन दाबून सोडल्याला हाय कुणीतरी. आजच."

मी म्हणाले, गाडी तर घरापुढं उभी होती, कोण सोडणार?

"मी कसं सांगू," तो म्हणाला. मग हळूच विचारलं, "अप्पांच्या अंगठ्याला काय झालंय?"

सकाळी सहाला ह्यांच्या उजव्या अंगठ्याचं टोक पांढरं पडून फोड आला होता. चहाचं पातेलं लागलं म्हणाले. मी मलम लावलं, वर चिंधी बांधली आणि म्हातारपणी स्वयंपाकघरात कशाला कडमडता, म्हणून चार शब्द सुनावलेही होते.

"चहाचं पातेलं लागलं," मी म्हणाले.

"असंल," चांदपाशा म्हणाला. "ह्यो गॅस सुटताना बर्फाच्या वर गार असतो. बोट मधी आलं तर भाजल्यावानी फोड येतो. आमच्या हाताला कितीदा येतो." आणि तो पुन्हा ब्रश घेऊन वाकला. भला माणूस होता. त्याला ह्यापेक्षा जास्त बोलायची गरज नव्हती आणि मला ऐकायची.

एकोणतीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून मलेरियाचा जंतू शोधणारी बाई मी. घरात काय चाललंय ते परक्या माणसानं दाखवावं लागलं. मला एवढा राग आला होता की चहाच्या टपरीवर जाऊन चार लोकांत ह्यांच्या अंगठ्यावरची चिंधी सोडून विचारावं, हे काय आहे. पण आमच्याकडं नवऱ्याला चार लोकांत काही विचारायची पद्धत नाही, आणि एकान्तात विचारायची हिंमत गोळा करायला मला वेळ लागतो.

तेवढ्यात गिरिजाचा फोन आला. "आई, एक काम कर की. तू एसटीनं ये पुढं. उमरग्याला हैदराबादच्या गाड्या थांबतात, मी बघितलंय. साडेतीनला पोचशील. अप्पा गाडी घेऊन येतील मागनं."

मी तिला सांगायला हवं होतं. तोंडाशी आलं होतं. पण दोन वर्षांनी बापलेकीत एक धागा जुळला होता, सकाळी मीच जुळवला होता, आणि तो लग्नाच्या दिवशी माझ्या हातानं कसा तोडू? म्हणाले, "बघते. होतच आलंय इथलं."

स्टँड चालत पाच मिनिटांवर. पर्स घेतली, डोक्यावर पदर घेतला आणि निघाले. ह्यांना सांगितलं नाही. चौतीस वर्षांत ह्यांना न सांगता मी भाजी आणायलासुद्धा गेले नसेन. स्टँडवर हैदराबादची गाडी उभीच होती. निम्मी रिकामी, खिडकीची जागा मिळत होती. एक पाय पायरीवर ठेवला, दांडा धरला.

"मावशी, चढा की, निघायलीय गाडी," कंडक्टर म्हणाला.

मी चढले नाही. दुसऱ्या गाडीनं जाते म्हणाले. त्यानं घंटी दिली, गाडी गेली, मागं धुरळा आणि मी.

ह्याची कारणं मी पुढं पुष्कळ शोधली. ऊन. चक्कर येऊन पडले तर. भाषा येत नाही, उतरल्यावर रिक्षावाल्याला पत्ता कसा सांगू. एकटी गेले की गिरिजा विचारेल, अप्पा का नाही. ही सगळी कारणं नाचता येईना अंगण वाकडं ह्यातली. खरं एवढंच, की मी आयुष्यात एकटी सोलापूरच्या पुढं गेले नव्हते आणि ह्यांच्या मनाविरुद्ध दाराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. त्यांनी गाडीतला गॅस सोडला होता. माझ्यातला चौतीस वर्षांपूर्वीच सुटलेला होता, आणि त्याला कुणी पिनसुद्धा दाबली नव्हती.

परत आले तर हे शेडमध्ये उभे. कुठं गेली होतीस विचारलं. पाणी आणायला, म्हणाले. हातात बाटली नव्हती. त्यांनी पुढं विचारलं नाही.

फिल्टर बाराच्या सुमाराला आला, तो बसवायला हे स्वतः बॉनेटखाली वाकले. मग व्हॅक्यूमचा पंप लागला. मी फळीवर बसून त्याची घरघर ऐकत होते. शेवटी तराजूवर टाकी ठेवून चांदपाशानं गॅस भरला, कॉम्प्रेसर टक् करून चालू झाला आणि जाळीतून गार हवा आली. दीड वाजून गेला होता. हे त्या जाळीपुढं हात धरून म्हणाले, "बघ, आता कसं गारेगार. आता सुखानं जाऊ." चांदपाशा माझ्याकडं न बघता पाइप गुंडाळत राहिला.

उमरगा मागं पडलं. सीमा ओलांडली, दुकानांच्या पाट्या कानडी झाल्या. काचा बंद होत्या, बाहेरचा आवाज येत नव्हता. हिंमत गोळा व्हायला मला तिथपर्यंतचा रस्ता लागला.

"गॅस तुम्ही सोडलात," मी म्हणाले.

हे समोर बघत राहिले. नाही म्हणाले नाहीत, हे एक त्यांच्या खात्यावर. दोन ट्रक मागं टाकल्यावर बोलले.

"सही करताना नाव काय लिहिणार होतीस?"

"माझं."

"पूर्ण सांग."

"महानंदा मन्मथ कोरे."

"मधलं नाव कुणाचं आहे?" ह्यांचा आवाज चढलेला नव्हता. मला समजावून सांगत होते, लहान मुलाला सांगावं तसं. "वहीत तू पानंच्या पानं लिहिलीस, ती मी बघितली. प्रत्येक ओळीत मी आहे. हे बघ, लग्नाला माझी ना नाही. पोरगी सुखी असेल तर असू दे. जाऊ, जेवू, आशीर्वाद देऊ. पण सरकारी कागदावर, ह्या लग्नाला मन्मथ कोरेची साक्ष म्हणून नाव नको. उद्या कुणी तो कागद मठात आणून पुढं टाकला, तर मी पंचांत कसा बसू?"

"मग तसं मला सांगायचं होतंत."

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

ऐकलं असतं की नाही, मला माहीत नाही. बहुतेक ऐकलं असतं. हेच तर वाईट. माझ्याशी एवढा घाट घालायची गरजसुद्धा नव्हती.

पण त्या क्षणी मला दुसरंच सुचलं आणि मी ते बोलून गेले. "आणि नवरीचं नाव काय लिहिणार आहेत?"

ह्यांनी गिअर बदलला.

"गिरिजा मन्मथ कोरे," मी म्हणाले. "साक्षीदार खाली असतात. नवरीचं नाव वर असतं. आणि त्याच्याखाली वडिलांच्या नावाचा वेगळा रकाना असतो. फॉर्म मी बघितलाय, गिरिजानं पाठवला होता."

गाडीचा वेग कमी झाला. पाय त्यांनी मुद्दाम काढला की आपोआप निघाला, सांगता येत नाही. एवढा मापाचा माणूस, ट्रकच्या सांगाड्यात सुताचा फरक चालवून न घेणारा. सकाळी पाचला उठून, चोरासारखं बॉनेट उघडून, अंगठा जाळून घेऊन हा उद्योग केला, आणि एवढी साधी गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नव्हती. मला वाटलं आता रडतील, किंवा चिडतील. त्यांनी हात लांब केला आणि समोरची जाळी माझ्याकडं वळवली, मला गार वारं लागावं म्हणून.

त्यानंतर आम्ही दोघं ह्या विषयावर कधी बोललो नाही. त्या प्रवासातही नाही आणि पुढंही नाही.

जहीराबाद येत होतं तेव्हा, तीन-वीसला, फोन वाजला. कुठवर आलात, गिरिजानं विचारलं. मी सांगितलं. मागं लोकांचा गलका ऐकू येत होता. "सव्वा चारपर्यंत बघते," ती म्हणाली.

सव्वा चारला आम्ही शहराबाहेर ट्रकांच्या रांगेत उभे होतो. कार्यालयाबाहेर अर्ज लिहून देणारी एक बाई बसायची, यादम्मा नावाची. तिनं माझ्या जागेवर सही केली. गिरिजाला ती त्या दिवसाआधी माहीत नव्हती. पोरीच्या लग्नाच्या कागदावर आईच्या जागी रस्त्यावरच्या एका भल्या बाईचं नाव आहे. आणि वर, दोन ठिकाणी, ह्यांचं आहे.

सहाला पोचलो. गिरिजा खाली रस्त्यावर येऊन उभी होती, निळ्या साडीत. ह्यांचा शर्ट घामानं आणि काळ्या तेलानं भरलेला, अंगठ्याला चिंधी. तिनं आधी तेच बघितलं. "अप्पा, एवढ्या उन्हात कशाला राबलात?" म्हणून ती त्यांच्या गळ्यात पडली आणि दोघं रस्त्यात उभी राहून रडली. हे खरंच रडत होते, त्यात खोटं काही नव्हतं. मी अक्षतांची पिशवी घेऊन बाजूला उभी होते. सॅम्युएल माझ्या पाया पडला. गिरिजाही पडली, पण नमस्कार करताना तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

तेरा वर्षं झाली त्याला. पुढच्या काळात बापलेकीचं इतकं गूळपीठ झालं की बघणाऱ्याला नवल वाटावं. दिवाळीला यायची ती अप्पांसाठी. नातवाला घरगाडीत बसवून हे परळी-तुळजापूर फिरवून आणायचे. मठातल्या पंचांनाही कळायचं ते कळलं. कुणी काही बोललं नाही. दोघा पंचांच्या घरात तोवर तसंच घडून गेलं होतं.

गेल्या माघात हे गेले. झोपेतच. लिंगायत रिवाजाप्रमाणं बसवून पुरलं, सगळं रीतसर झालं. चौथ्या दिवशी गिरिजा ह्यांचं कपाट आवरत होती. आवरता आवरता, माझ्याकडं पाठ करूनच तिनं विचारलं.

"आई, एक विचारू? इतकी वर्षं विचारलं नाही. तू त्या दिवशी एसटीनं का आली नाहीस? स्टँड पाच मिनिटांवर होता. अप्पांनी स्वतः सांगितलंय मला. म्हणाले, मी तिला पाणी आणायला जाताना बघितलं, मला वाटलं तीच जाईल निघून. मी अडवलं नसतं, म्हणाले."

म्हणजे त्यांनी बघितलं होतं. मी स्टँडकडं जाताना त्यांनी टपरीवरून बघितलं होतं आणि हाक मारली नव्हती. त्यांनी मला सोडलं होतं. आणि मी परत आले होते.

सगळं सांगावं असं वाटलं. गॅस, पिन, अंगठा, कागदावरचं नाव. पण जे कपाट ती आवरत होती त्यात त्यांचे शर्ट होते, आणि एक शर्ट तिनं स्वतःसाठी वेगळा काढून ठेवला होता. आणि सांगून झाल्यावरही तिचा प्रश्न जागच्या जागी राहणारच होता. तिनं ह्यांचं विचारलंच नव्हतं. तिनं माझं विचारलं होतं.

"मला एकटीनं जायचं धाडस झालं नाही," मी म्हणाले.

"माझ्या लग्नालासुद्धा?"

"नाही झालं."

तिनं मान हलवली. इतकी वर्षं मनात धरलेलं बरोबरच निघालं, अशी. मग ती शर्टांच्या घड्या घालत राहिली आणि मी शेंगदाणे निवडायला स्वयंपाकघरात आले.

आता दर रविवारी तिचा फोन येतो. जेवलीस का विचारते, गोळ्या घेतल्यास का विचारते, आणि ठेवते.